मांडवाला आग लागली, हे सांगायचं कसं

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं. वऱ्हाडासाठी त्याहून मोठी बातमी मात्र आधीच येऊन गेली होती. १ जुलै २०२४ रोजी एअर इंडियाने बेलोऱ्यात वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारणार असल्याचं जाहीर केलं. वर्षाला १८० वैमानिक तयार करायचे असा बेत. त्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ३४ प्रशिक्षण विमानांची मागणीही नोंदवली गेली: ३१ एका इंजिनाची पायपर आणि ३ दोन इंजिनांची डायमंड. अंजनगाव सुर्जीहून बेलोरा म्हणजे दीड-दोन तासांची वाट. पानमळे, पानपिंपरी, केळी आणि कपाशीच्या या तालुक्यात बारावीला फिजिक्स-गणित घेतलेल्या मुलामुलींसमोर आजवर इंजिनिअरिंग, स्पर्धा परीक्षा आणि भरती असे ठरलेले रस्ते होते. ‘पायलट व्हायचंय’ हे वाक्य आता तिथल्या घरात बोलता येण्याजोगं झालं आहे.

ते बोललं गेलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात, अनेकदा त्याहून वर. दुसरा प्रश्न बहुधा आईचा असतो आणि तो मोठ्याने विचारला जात नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान कोसळून विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ अशी २६० माणसं गेली. त्यानंतर तर हा प्रश्न घरोघरी आहे. विमान शिकताना पोर जिवाला मुकू शकते का?

याचं खरं उत्तर ‘हो’ असं आहे. शक्यता कमी आहे, ती आणखी कमी करता येते, पण ती शून्य नाही. हे उत्तर कोणी द्यायचं, कधी द्यायचं आणि किती उघड शब्दांत द्यायचं, यावर विमानविद्या शिकवणाऱ्यांत जुना मतभेद आहे. एक पंथ म्हणतो, शिकाऊ माणसाला घाबरवू नका. घाबरलेला हात विमान चालवायची काठी घट्ट आवळतो आणि घट्ट हाताने विमान चालत नाही. दुसरा पंथ म्हणतो, पहिल्याच दिवशी अपघातांचे फोटो समोर टाका; ज्यांना पळायचं असेल ते आजच पळोत. दोन्ही पंथांच्या हातून एक गोष्ट निसटते. धोक्याबद्दल किती बोलावं हा वाद घालताना, धोक्यासोबत दुसरं काय सांगावं हे दोघेही विसरतात.

आपल्याकडे अभद्र बोलू नये अशी शिकवण आहे. शुभ बोल नाऱ्या म्हटल्यावर मांडवाला आग लागली म्हणणारा नाऱ्या आपण म्हणीत घालून कायमचा वेडा ठरवला. लग्नघरात ही रीत समजण्यासारखी आहे. पण मांडव खरोखर पेटलेला असेल तर त्या घरात एकच शहाणा माणूस आहे, आणि तो नाऱ्या आहे. अभद्र टाळण्याची ही सवय सुरक्षेच्या भाषेतही उतरते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या ड्रायव्हरने ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी आयुष्यात शेकडो वेळा वाचलेली असते. ती वाचून त्याचा पाय ब्रेकवर जात नाही, कारण त्या पाटीत कुठलंही वळण नाही, कुठलाही वेग नाही, कुणी मेलेलं नाही. ‘पुढच्या वळणावर उतारात तिसऱ्या गिअरमध्ये आलात तर गाडी बाहेर जाते’ असं लिहिलं तर ते कानाला गोड लागणार नाही, पण पाय हलेल. विमानशाळेतलं ‘वेगाकडे लक्ष ठेव’, ‘हवामानाचा आदर कर’, ‘सुरक्षा सर्वप्रथम’ हे सगळं त्या पाटीच्याच जातीचं बोलणं आहे.

महाराष्ट्रात विमान शिकताना काय घडलं आहे, हे त्यामुळे आधी नावानिशी सांगावं लागतं. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं प्रशिक्षण विमान वैनगंगेवर आडव्या टाकलेल्या तारेला धडकलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघंही गेले. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या विमान अकादमीचं विमान जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याला पडलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. रस्ता नव्हता, स्ट्रेचर नव्हतं. एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून दिली आणि तिची झोळी करून गावकऱ्यांनी त्या मुलीला खाली आणलं. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने निघालेल्या २२ वर्षांच्या प्रशिक्षणार्थीचं छोटं सेसना इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं; ती वाचली. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेलं आणखी एक प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडून २०१७ सारखेच प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीत एकाच संस्थेची दोन विमानं आठवडाभराच्या आत कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवावं लागलं.

ही यादी अंजनगावच्या मुलीला पहिल्या आठवड्यात कळली पाहिजे. सगळी माणसं तिच्या वयाची किंवा तिला शिकवणाऱ्यांच्या वयाची आहेत. सगळी ठिकाणं तिला नकाशात बोट ठेवून दाखवता येतात. सातपुडा तर तिच्या गावातूनच दिसतो. दूरच्या अमेरिकेतला अपघात हा अभ्यासाचा विषय वाटतो. चोपड्याचा अपघात वेगळा लागतो.

पण यादी सांगून थांबणारा शिक्षक अर्धंच काम करतो, आणि ते अर्धं काम कधीकधी न केलेलं बरं असतं. याचा पुरावा विमानाबाहेर आहे. १९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली. काहींना सौम्य भाषेत, काहींना रोग्याच्या यातनांच्या भीषण वर्णनासह. भीषण पत्रक वाचलेले जास्त हादरले, लस घ्यायलाच हवी असं म्हणाले. प्रत्यक्षात लस घ्यायला गेले किती? नुसती भीती मिळालेल्यांतले सुमारे ३ टक्के. ज्यांना पत्रकासोबत दवाखान्याचा नकाशा दिला, रोजच्या वेळापत्रकात कुठल्या तासाला तिकडे जाता येईल ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. भीती सौम्य होती की भीषण, याने जाण्यात फरक पडला नाही. आणि धोक्याची जाणीव न देता केवळ नकाशा हातात दिलेले विद्यार्थीही फारसे फिरकले नाहीत. दोन्ही लागतात, आणि एकाच वेळी लागतात.

विदर्भाला हे येलकडून शिकायची गरज नव्हती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. अतिविषारी औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, कवटी असते, ‘विष’ हा शब्द असतो. त्याहून उघड भाषा कोणती? पण त्या कवटीसोबत हातमोजे नव्हते, मुखवटा नव्हता, डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये हे शेतात उभं राहून सांगणारं कुणी नव्हतं. धोका ठाऊक असलेला, पण हातात उपाय नसलेला माणूस शेवटी एकच करतो: तो धोक्याकडे पाहणं सोडून देतो. वैमानिकांच्या मानसशास्त्रात पाच घातक वृत्ती सांगितल्या जातात. मला कोण सांगणार, आत्ताच्या आत्ता काहीतरी कर, मला काही होत नाही, मी दाखवतोच, आणि पाचवी, आता काय उपयोग. भीतीचा नुसता मारा केला की तिसरी वृत्ती जाते आणि पाचवी येते. हवेत पाचवी अधिक वाईट, कारण ‘मला काही होत नाही’ म्हणणारा निदान विमान उडवत असतो.

आता एक प्रत्यक्ष धडा घेऊ. कारण उघड बोलणं म्हणजे नेमकं काय, ते अमूर्तात कळत नाही.

विमानतळाभोवती शिकाऊ वैमानिक चौकोनी फेरी मारतो, तिला सर्किट म्हणतात. शेवटचं वळण घेतलं की धावपट्टी समोर येते. त्या टप्प्याचं नाव फायनल. हे वळण साधारण पाचशे फुटांवर घेतलं जातं. मागून वारा असेल तर विमान ठरलेल्या रेषेच्या पलीकडे वाहत जातं आणि धावपट्टी एका बाजूला राहते. विद्यार्थ्याला वाटतं, वळण जरा आवळू. पण पंख जास्त कलवायला तो घाबरतो, जमीन जवळ आहे. म्हणून तो पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून नाक धावपट्टीकडे ढकलतो, आणि नाक खाली जाऊ लागलं की काठी मागे ओढतो. दोन्ही हालचाली स्वाभाविक आहेत. दोन्ही मिळून आतल्या बाजूच्या पंखावरची हवा सुटते, तो पंख एकदम खाली पडतो आणि विमान गिरकी घेऊ लागतं. साध्या प्रशिक्षण विमानाला गिरकीतून बाहेर यायला हजारेक फूट लागू शकतात. उंची पाचशे आहे.

गोड भाषेतला शिक्षक इथे म्हणेल, ‘फायनलवर वेग सांभाळायचा.’ भीतीच्या भाषेतला म्हणेल, ‘इथे लोक मरतात, लक्षात ठेव.’ चांगला शिक्षक दोघांपेक्षा जास्त क्रूर आणि दोघांपेक्षा जास्त दयाळू बोलतो: ‘हे बघ, इथे माणसं मेली आहेत. मरताना त्यांच्या हातांनी जे केलं तेच तुझ्या हातांना करावंसं वाटेल, आणि तेव्हा ते अगदी बरोबर वाटेल. म्हणून आत्ताच ठरव. रेषेच्या पलीकडे गेलीस तर वळण आवळायचं नाही. इंजिनाला पूर्ण ताकद, पंख सरळ, वर निघून जायचं, पुन्हा फेरी. मी विचारणार नाही का गेलीस.’ यात मृत्यू आहे, त्याची यंत्रणा आहे, मोहाचा क्षण आहे आणि त्या क्षणी हाताने करायची गोष्ट आहे. शेवटचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं. परत फिरल्याबद्दल जाब द्यावा लागेल अशी धास्ती असेल, तर मागचं सगळं सांगणं वाया जातं.

वऱ्हाडाचा स्वतःचाही एक धोका आहे आणि तो बेलोऱ्यात शिकणाऱ्याला वेगळा करून सांगावा लागेल: ऊन. गरम हवा विरळ असते. बेलोरा समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा जवळपास पाच हजार फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते. म्हणजे धावपट्टी बेलोऱ्यात असली तरी विमानाच्या लेखी ती चिखलदऱ्याच्याही बरीच वर आहे. उड्डाणाला जास्त पट्टी लागते, चढण मंदावते. टर्बो इंजिन ताकद टिकवून धरेल, पण पंख आणि पंखा यांना मिळणारी हवा विरळच राहते. हे ‘उन्हाळ्यात काळजी घ्या’ अशा वाक्यात सांगितलं तर हवेत विरून जाईल. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला एकाच वजनाचं गणित मांडायला लावलं, दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, की त्या दोन आकड्यांमधलं अंतरच बोलतं. तिथे आवाज चढवायची गरज पडत नाही.

उघड आकड्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९५४ चं आहे. इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना विमानात बसवून बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली, म्हणजे जणू ढगात शिरल्यासारखं. विसांपैकी विसांच्या हातून विमान गेलं. एकोणीस जण खाली घसरत आवळत जाणाऱ्या वळणांत गेले, विसाव्याने नाक इतकं वर घेतलं की पंखांवरची हवाच सुटली. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल सांभाळणारा भाग खोटी साक्ष देऊ लागतो आणि माणूस ती मानतो, हे त्याचं कारण. जगभरच्या विमानशाळांमध्ये हा आकडा भिंतीवर लागला, त्यावर लेख झाले, अंगावर काटा आणणारी वर्णनं झाली.

मात्र त्या प्रयोगाचा उत्तरार्ध भिंतीवर लागला नाही. संशोधकांना मुळात १७८ सेकंद मोजायचे नव्हतेच. ढगात चुकून शिरलेल्या साध्या वैमानिकाने शांतपणे अर्धं वळण घेऊन आल्या वाटेने बाहेर कसं पडावं, याची एक सोपी कृती त्यांना बसवायची होती. ती शिकवल्यावर त्याच लोकांना जवळजवळ प्रत्येक वेळी विमान वळवून बाहेर आणता आलं. मृत्यूचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि सुटकेची कृती विस्मरणात गेली. १७८ चा आकडा सांगून जो शिक्षक पुढे ते वळण बसवून घेत नाही, त्याने विद्यार्थ्याला खरी माहिती दिली आणि तरीही फसवलं.

मग धोका प्रत्यक्ष दाखवावा का? इथे मात्र उघडपणाला मर्यादा आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. अमेरिकेत १९४९ पर्यंत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी गिरकी स्वतः करून दाखवावी लागे. त्या वर्षी ती अट काढली आणि भर गिरकी ओळखण्यावर, तिच्या आधीच्या खुणा टिपण्यावर दिला. जुन्या वैमानिकांनी टीका केली की पोरं मऊ होतील. पुढच्या दशकांत गिरकीचे प्राणघातक अपघात घटत गेले. त्यात विमानांच्या रचनेतल्या सुधारणांचाही वाटा आहे, सगळं श्रेय त्या निर्णयाला देता येणार नाही. पण एवढं उघड झालं की धोका अंगाने अनुभवायला लावणं ही स्पष्टतेची सर्वोच्च पायरी नव्हे. प्रशिक्षकाने स्वतः गिरकीत जाऊन आलेलं असावं. विद्यार्थ्याला मात्र तिच्या दारातून परत फिरता यावं. नदीवर खाली उतरून तारांजवळून उडण्याचा थरार कुणी कुणाला दाखवायला जात असेल, तर ते शिकवणं नाहीच.

उघड बोलण्याची एक खोटी जातही आहे. अपघात झाला की दोन शब्दांत निकाल लागतो: वैमानिकाची चूक. ऐकायला हे फार रोखठोक वाटतं. खरं तर धोक्याबद्दल न बोलण्याचा तो सर्वांत सोयीचा मार्ग आहे, कारण मेलेला माणूस चुकला म्हटलं की उरलेल्यांना काही शिकायचं राहत नाही. पुण्याच्या कविता गाडगीळ यांनी हे स्वीकारलं नाही. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेला. दोष मुलाच्या माथी मारला जातोय म्हटल्यावर त्यांनी हवाई दलाला जाहीर प्रश्न विचारले, वर्षानुवर्षं विचारत राहिल्या. मग पती अनिल गाडगीळ यांच्यासह पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट सुरू केली, जिथे सिम्युलेटरवर तरुणांना सुरक्षित उड्डाण शिकवता येईल. शोक, राग आणि शिकवणं या तिन्ही गोष्टी एकाच आईने उघडपणे केल्या. अंजनगावच्या आईला धोक्याचं सांगू नये, ती घाबरेल, असं म्हणणाऱ्यांनी ही एक बाई डोळ्यांसमोर ठेवावी.

याहून अवघड उदाहरण नागपूरशी जोडलेलं आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री कोळीकोडला पावसात उतरताना एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान टेबलासारख्या पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे निघून दरीत गेलं. २१ जण गेले. त्यांत कॅप्टन दीपक साठे होते, ज्यांचे आई-वडील नागपूरला राहत. हवाई दलात असताना मानाची तलवार मिळवलेले, अनुभवी, सर्वांच्या आदराचे वैमानिक. अपघातानंतर महाराष्ट्राने त्यांना वीर म्हणून निरोप दिला. वर्षभराने चौकशी अहवाल आला. विमान अस्थिर अवस्थेत उतरवत राहणं, अर्धी धावपट्टी ओलांडून टेकणं, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे वर निघून पुन्हा फेरी घ्या, असं म्हटल्यावरही न थांबणं, आणि सहवैमानिकाने स्वतः ताबा घेऊन विमान वर न नेणं, हे त्या अहवालाने संभाव्य कारण म्हणून नोंदवलं. कंपनीच्या आणि व्यवस्थेच्या त्रुटींवरही त्यात पानंच्या पानं आहेत.

विदर्भातल्या वर्गात हा अहवाल वाचावा की नाही? वाचावा. साठे यांच्याबद्दलचा आदर एका कणानेही कमी न करता वाचावा. किंबहुना त्यांच्या योग्यतेमुळेच वाचावा. एखाद्या नवख्याने ही चूक केली असती तर विद्यार्थी म्हणाला असता, मी असं करणार नाही. मानाची तलवार मिळवलेल्या माणसाला पावसाच्या रात्री, पहिला प्रयत्न फसल्यावर, समोर दिसणारी धावपट्टी सोडवली नाही, हे कळलं की ‘मी करणार नाही’ हे वाक्य तोंडातच राहतं. मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये ही आपली रीत चांगली आहे. त्यांच्या अखेरच्या मिनिटांकडून शिकणं हे वाईट बोलणं नव्हे, एवढं शिक्षकाला वर्गाला पटवून देता आलं पाहिजे.

त्याआधी दहा वर्षं, २२ मे २०१० रोजी, मंगळूरला जवळपास हेच घडलं होतं. तिथेही पठारावरची धावपट्टी, १६६ जण विमानात, १५८ मृत्यू. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालातली दोन निरीक्षणं कुठल्याही विमानशाळेत मोठ्याने वाचण्याजोगी आहेत. कॅप्टन प्रवासात तासाहून अधिक काळ झोपलेले होते आणि झोपेचा अंमल उतरला नसावा. आणि सहवैमानिकाने एकदा नव्हे, तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं. धोका त्याने पाहिला होता, योग्य शब्दांत सांगितलाही होता. तरी विमान खालीच गेलं.

इथे धोक्याबद्दल बोलण्याची दिशा उलटी होते. आतापर्यंत शिक्षकाने विद्यार्थ्याला किती उघड सांगावं याची चर्चा झाली. विद्यार्थ्याने शिक्षकाला किती उघड सांगावं, हा प्रश्न त्याहून कठीण आहे, आपल्याकडे तर फारच. ज्या मुलीने शाळेत फळ्यावरचं गणित चुकलेलं दिसूनही ‘सर, ते चुकलंय’ म्हणण्याचं धाडस केलं नाही, घरी आजोबांचं बोलणं मध्येच तोडलं नाही, ती चोविसाव्या वर्षी दहा हजार तास उडालेल्या कॅप्टनला अंधाऱ्या पावसात ‘थांबा’ म्हणेल अशी अपेक्षा आपण धरतो. ती क्षमता परवान्यासोबत मिळत नाही. ती सेसनाच्या छोट्या कॉकपिटमध्ये, पहिल्या महिन्यापासून रुजवावी लागते. चांगले प्रशिक्षक त्यासाठी मुद्दाम चूक करतात: चेकलिस्टमधली एक ओळ गाळतात, उंची पन्नास फूट घसरू देतात आणि विद्यार्थी बोलतो का याची वाट पाहतात. बोलला तर शाबासकी, अंदाज चुकलेला असला तरी शाबासकी. मोठ्या विमानांमध्ये एक नियम शिकवतात: दोनदा हाक देऊनही उत्तर आलं नाही तर तिसऱ्यांदा बोलत बसायचं नाही, ताबा घ्यायचा. मंगळूरचा सहवैमानिक बोलला होता. बोलणं कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो, ही सीमा त्याला ओलांडता आली नाही.

हे रुजवण्याचा शिक्षकाकडे एकच खात्रीचा उपाय असतो: स्वतःची चूक वर्गात सांगणं. आपण कधी इंधन मोजायला विसरलो, कधी ढगाखाली उगाच पुढे गेलो, हे प्रशिक्षकाने तपशिलासह सांगितलं की विद्यार्थ्यांना कळतं की इथे चूक सांगणं ही बढाई मारण्याइतकी सोपी गोष्ट आहे. शिक्षा होईल म्हणून चुका लपवल्या जातात आणि लपवलेली चूक दुसऱ्या कुणाच्या विमानात पुन्हा उगवते. याच समजुतीतून अमेरिकेत १९७६ पासून नासाकडे नाव गुप्त ठेवून चुका कळवण्याची व्यवस्था चालते. अपघाताच्या चौकशीचा हेतू दोष वाटणं हा नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे, हे आंतरराष्ट्रीय नियमांत आणि भारताच्या २०१७ च्या नियमांतही लिहिलेलं आहे. नियमात लिहिलेलं वर्गात उतरवायला मात्र माणूस लागतो.

राहिला पैसा, ज्याबद्दल सर्वांत कमी उघड बोललं जातं. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. प्रत्येक तासाला हजारो रुपये. शेत गहाण टाकून, बँकेचं कर्ज काढून आलेल्या मुलाला ढग दिसल्यावर परत फिरणं म्हणजे बापाचे पैसे वाया घालवणं वाटतं. ही धास्ती गिरकीइतकीच खरी आहे आणि ती ब्रीफिंगमध्ये कधी निघत नाही. शिक्षकाने ती नाव घेऊन काढली पाहिजे: कर्जाचा विचार तुला ढगात ढकलेल, हे आत्ताच ओळखून ठेव. आणि हे घरच्यांनाही सांगितलं पाहिजे, कारण ‘अजून किती तास राहिले रे’ असं रोज रात्री फोनवर विचारणारा बाप नकळत त्या ढकलण्याला हात लावत असतो. त्यापेक्षा ‘आज कशामुळे थांबलास’ हा प्रश्न त्याने विचारला तर मुलाला थांबण्याची मुभा घरातूनच मिळते.

विमान अपघात अन्वेषण विभागाचे अहवाल कुणालाही मोफत वाचता येतात. ते इंग्रजीत आहेत आणि किचकट आहेत. चोपडा, गोंदिया, मंगळूर, कोळीकोड या चार अहवालांचा प्रत्येकी चार पानांचा मराठी गोषवारा काढून तो प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या आणि पालकांच्या हाती देणं, हे कुठल्याही विमानशाळेला एका महिन्यात जमण्याजोगं काम आहे. जी शाळा ‘याने प्रवेश कमी होतील’ म्हणून ते टाळते, तिच्याबद्दल पालकांना जे कळायला हवं ते त्या उत्तरातच कळतं. तोपर्यंत अंजनगावहून मुलीला घेऊन प्रवेशाला गेलेल्या आईबापांनी चौकशीच्या खिडकीशी फी आणि नोकरीची हमी यांच्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्या विमानांचे गेल्या पाच वर्षांत कोणते अपघात झाले आणि त्यानंतर तुम्ही शिकवण्यात काय बदललं? विद्यार्थ्याने प्रशिक्षकाची चूक दाखवली तर ती कुठे नोंदवली जाते? आणि गेल्या पावसाळ्यात हवामान पाहून किती एकट्या उड्डाणांना तुम्ही नकार दिला?